पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: जुन्या गाड्यांच्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलेट, येझदी, चेतक, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, राजदूत. गाड्या वेगवेगळ्या, पण मालकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. पॉइंट म्हणजे नेमकं काय, आणि ते करतात काय?

पॉइंट म्हणजे एक छोटा स्विच. त्याची एक बाजू प्लेटला पक्की असते, दुसरी स्प्रिंगवर हलते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम हलत्या बाजूच्या फायबरला ढकलतो आणि पॉइंट उघडतात. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट इग्निशन कॉइलच्या प्रायमरी वाइंडिंगमधून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं, सेकंडरी वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणून पॉइंट ज्या क्षणी उघडतात तोच तुमचा टायमिंगचा क्षण.

कंडेन्सर पॉइंटला समांतर जोडलेला असतो. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडू नये आणि कॉइलमधला करंट झटक्यात तुटावा, हे त्याचं काम.

चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत मोटारीत रूढ केली आणि पुढं साठ-सत्तर वर्षं जग तिच्यावर चाललं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. इतकं काम करणारा हा तुकडा जुन्या मेकॅनिकच्या हातात वर्षानुवर्षं विश्वासानं चालला, हे विसरू नये.

२. मग त्यात बिघडतं काय?

तीन गोष्टी. एक, करंट तोडताना पॉइंटचे चेहरे जळतात. एका बाजूला खड्डा पडतो, दुसरीवर टोक येतं. दोन, कॅमवर घासणारं फायबर झिजतं. फायबर झिजलं की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागं जातं. हे इतकं हळूहळू होतं की मालकाला कळतच नाही. गाडी जरा मंद झाली, जास्त तापायला लागली, एवढंच जाणवतं. तीन, कंडेन्सर अचानक दगा देतो.

कॅमवर ग्रीसचा पातळ थर असेल तर फायबर पुष्कळ टिकतं. पॉइंट बदलताना बरेच जण हे विसरतात आणि मग नवे पॉइंट निकृष्ट निघाले म्हणतात. जास्त ग्रीसही नको. ते उडून पॉइंटवर बसतं आणि गाडी मिसिंग करते.

३. माझी गाडी पॉइंटवाली आहे की आधीपासूनच इलेक्ट्रॉनिक, हे कसं ओळखू?

कव्हर उघडून बघा. हलणारा पॉइंट आणि शेजारी बोटाच्या पेराएवढा धातूचा डबा, म्हणजे कंडेन्सर, दिसला तर पॉइंट. नुसती पिकअप कॉइल आणि तिथून निघालेल्या वायरी दिसल्या तर इलेक्ट्रॉनिक.

नावावरून अंदाज बांधताना सांभाळून. यामाहा आरएक्स १०० ला सुरुवातीपासून सीडीआय, म्हणजे कपॅसिटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, होतं. बुलेट स्टँडर्ड पॉइंटवर चालत असतानाच इलेक्ट्रा मॉडेल इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेऊन आलं. चेतकच्या जुन्या गाड्या पॉइंटच्या, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक. शिवाय आधीच्या मालकानं काय केलंय ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

४. इलेक्ट्रॉनिक किट म्हणून जे मिळतं त्यात प्रकार किती?

ढोबळमानानं चार.

पहिला, हॉल सेन्सरचा. पॉइंटच्या जागी छोटं मॉड्यूल बसतं आणि कॅमवर चुंबकांची रिंग. चुंबक समोरून गेला की मॉड्यूल कॉइलचा करंट तोडतं. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे फिरत्या रोटरनं प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग, असलेल्या मोटारींना हाच सर्वांत सोयीचा. बाहेरून काही बदललेलं दिसतही नाही.

दुसरा, ट्रान्झिस्टर असिस्ट. यात पॉइंट तसेच राहतात, पण कॉइलचा सगळा करंट तोडण्याचं काम ट्रान्झिस्टर करतो आणि पॉइंटमधून अगदी किरकोळ करंट जातो. पॉइंट जळत नाहीत, फायबर मात्र झिजतंच. बिघडलं तर दोन वायरी पूर्ववत करून गाडी पुन्हा पॉइंटवर चालवता येते. या साध्या सर्किटची आज कुणी फारशी आठवण काढत नाही, पण लांबच्या प्रवासाच्या गाडीला मला ते फार आवडतं.

तिसरा, सीडीआय. यात कपॅसिटर काहीशे व्होल्टपर्यंत भरून एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा केला जातो. ठिणगी जोरदार पण क्षणभराची. टू-स्ट्रोक गाड्यांना मानवतो.

चौथा, डायनामो किंवा मॅग्नेटसकट सगळंच बदलणारा. जावा-येझदीच्या मालकांनी प्रश्न ११ बघावा.

५. मायलेज आणि पिकअप वाढेल का? विकणारा तर तसंच सांगतो.

नीट लावलेल्या पॉइंटच्या तुलनेत फरक थोडाच पडतो. स्टार्टिंग सुधारतं, आयडलिंग एकसारखं होतं, वरच्या आरपीएमला मिसिंग थांबतं. ज्या गाडीत पॉइंट जळलेले आणि टायमिंग मागं गेलेलं होतं, तिला किट बसवल्यावर मोठा फरक जाणवतो. पण त्यातला बहुतेक फरक टायमिंग जागेवर आल्याचा असतो. नवे पॉइंट नीट लावले असते तरी तो मिळाला असता.

किटचा खरा फायदा निराळा आहे. आज लावलेलं टायमिंग पुढच्या वर्षीही जवळपास तिथंच राहतं. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा निघते आणि ज्याच्या गावात पॉइंट लावणारा मेकॅनिक उरलेला नाही, त्याच्यासाठी हे खूप मोलाचं आहे.

६. म्हणजे बदलू की नको?

पॉइंट लावता येत असतील, चांगल्या प्रतीचे पॉइंट-कंडेन्सर मिळत असतील आणि गाडी शक्यतो मूळ रूपात ठेवायची असेल, तर बदलायचं कारण नाही. सुट्या भागांची अडचण मात्र खरी आहे. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे पॉइंट कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळं २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत भाग मिळतो, पण कंडेन्सर नवाकोरा असूनही चालेलच याची खात्री नसते. अशा वेळी किट हा शहाणपणाचा निर्णय ठरतो.

एकच आग्रह: जुनी प्लेट, पॉइंट, कंडेन्सर फेकू नका. गाडीची वायरिंग कापून असा बदल करू नका की परत फिरता येणार नाही.

७. किट बसवायच्या आधी काय काय तपासायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. आजारी गाडीत किट बसवलं तर मूळ आजार तसाच राहतो आणि शोधायला आणखी अवघड होतो. म्हणून आधी गाडी पॉइंटवर नीट चालवून दाखवा, मगच किट.

चार्जिंग पहिलं. १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी आणि इंजिन चालू असताना मीटरवर साधारण १३.८ ते १४.५. जुन्या मेकॅनिकल रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट चिकटले की व्होल्टेज १६ च्या पुढं जातं. पॉइंट ते सहन करतात, मॉड्यूल करत नाही.

मग अर्थिंग. इंजिन आणि चेसिसमधली पट्टी गंजलेली असेल तर बदला. डिस्ट्रिब्यूटरच्या आतली प्लेट एका बारीक वेणीदार वायरनं बॉडीला जोडलेली असते. ती तुटलेली निघते आणि लोक मॉड्यूलला दोष देत बसतात.

त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट. रोटर काढा, शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून आडवं हलवा. खडखड हलत असेल तर बुश गेलेत. हॉल सेन्सर हा खेळ पॉइंटपेक्षा जास्त सहन करतो, पण टायमिंग थोडं इकडंतिकडं होतच राहणार. आता रोटर परत बसवून हातानं फिरण्याच्या दिशेला पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगनं टक्कन मागं यायला हवा. आळसावून आला किंवा तिथंच राहिला, तर आतली अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) गंजली आहेत. बहुतेक किटमध्ये ही यंत्रणा जुनीच वापरली जाते, त्यामुळं ती साफ करून तेलाचे दोन थेंब देणं टाळू नका.

शेवटी कॅप, रोटर, एचटी वायर (प्लगपर्यंत ठिणगी नेणारी जाड वायर). कॅपच्या आत काळी केसासारखी रेघ दिसली तर ती चीर आहे किंवा करंटनं जाळलेली वाट; कॅप बदला.

८. जुनी कॉइल चालेल का?

मल्टिमीटर घ्या, कॉइलच्या प्लस आणि मायनसच्या वायरी काढा आणि दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टची साधी कॉइल साधारण ३ ओहम दाखवते. तिच्यातून १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर जातात. बॅलास्टवर, म्हणजे कॉइलच्या आधी जोडलेल्या रेझिस्टरवर, चालणारी कॉइल १.५ ओहमच्या आसपास असते. ती बॅलास्टशिवाय सरळ १२ व्होल्टवर लावली तर ८ अँपिअर. कमी क्षमतेचं मॉड्यूल एवढ्यानं जळतं. किटच्या कागदावर किमान किती ओहमची कॉइल हवी ते लिहिलेलं असतं. तो आकडा आणि तुमचं मोजमाप जुळायलाच हवं.

सीडीआयची कॉइल वेगळी. ती पॉइंट किंवा हॉल किटवर लावू नये, आणि उलटही करू नये.

याच प्रश्नाला जोडून: इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकू नका. कित्येक मॉड्यूल अशा वेळी कॉइलमधून करंट वाहू देतात आणि दहा-पंधरा मिनिटांत कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते.

९. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरमध्ये हॉल सेन्सरचं किट घरी बसवता येईल का?

येईल. घाई नसलेली एक सकाळ काढा.

किट मागवताना गाडीचं नाव पुरेसं नाही, डिस्ट्रिब्यूटरचा नंबर लागतो. तो बॉडीवर कोरलेला असतो. या गाड्यांत वर्षानुवर्षांत डिस्ट्रिब्यूटर बदललेले असतात, त्यामुळं शेजाऱ्याच्या पद्मिनीला बसलेलं किट तुमच्या पद्मिनीला बसेलच असं नाही.

बॅटरीची वायर काढा. इंजिन हातानं फिरवून पुलीवरची खूण टायमिंगच्या खुणेला आणा आणि रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरकडं बघतोय याची खात्री करा. रोटर चौथ्याकडं असेल तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. दोन्ही गाड्यांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. आता मोबाइलवर फोटो काढा: कॅपच्या वायरी, पॉइंटच्या वायरी, सगळं.

पॉइंट आणि कंडेन्सर काढा. स्क्रू खाली डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात पडतात. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं तर स्क्रू चिकटून वर येतो. मॉड्यूलची प्लेट बसवा, चुंबकाची रिंग कॅमवर पूर्ण दाबा, सोबत दिलेल्या पट्टीनं रिंग आणि मॉड्यूलमधलं अंतर ठेवा. मग रोटर. तो आधीइतकाच खाली बसला पाहिजे. वर राहिला तर कॅप लावल्यावर कार्बन ब्रश मोडेल. वायर बाहेर काढताना रबरी बूच वापरा आणि आतली वायर फिरत्या भागाला लागत नाही हे इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघा.

लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, असं बहुतेक किटमध्ये असतं, तरी कागद वाचा. उलटी जोडली तर मॉड्यूल तिथंच संपतं. लाल वायरला किल्ली चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात ना, तेही मोजा. मध्ये बॅलास्ट असेल तर ही वायर बॅलास्टच्या अलीकडून, किल्लीच्या बाजूनं घ्यावी लागते.

टायमिंगसाठी प्रश्न १५ बघा.

१०. बुलेटमध्ये किट बसवल्यावर अँपिअर मीटरचा काटा हलत नाही. काही चुकलं का?

चुकलं नसण्याचीच शक्यता जास्त. पॉइंटवाल्या बुलेटची स्टार्ट करायची रीत या काट्यावर उभी आहे. किल्ली चालू करून किक हळूहळू दाबत जायची. पॉइंट मिटलेले असताना कॉइल करंट घेते आणि काटा मायनसकडं झुकतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आला, पॉइंट उघडले की काटा शून्यावर येतो. तिथं थांबून डी-कॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढायचा, किक किंचित पुढं सरकवायची, लिव्हर सोडायचा आणि मग पूर्ण किक. कितीतरी जणांच्या पायाला हे मीटर न बघताही कळतं.

अनेक इलेक्ट्रॉनिक किट इंजिन फिरत नसताना कॉइलचा करंट बंद ठेवतात. म्हणून काटा झुकत नाही. कॉम्प्रेशन पायानं ओळखायचं: किक दाबताना जिथं घट्ट अडेल तिथं थांबा आणि बाकी रीत तीच.

किक उलटी मारत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नका. टायमिंग पुढं गेलंय किंवा ऑटो-अ‍ॅडव्हान्सची वजनं उघडलेल्या स्थितीत अडकलीत. पायाचा घोटा दुखावण्याइतका तो झटका असतो. आधी दुरुस्ती, मग किक.

बुलेटच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो. किट लावायच्या आधी तो एकदा बरोबर लावून गाडी चालवून बघाच.

११. जावा-येझदीला काय करावं?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघत होत्या, आणि जुन्या जावाला ६ व्होल्टचा डायनामो. क्रँकच्या उजव्या टोकाला आर्मेचर, त्याच बाजूला पॉइंट. पॉइंटइतकाच त्रास इथं कार्बन ब्रश, आर्मेचर आणि रेग्युलेटर देतात. नुसते पॉइंट काढून मॉड्यूल लावलं तरी खालचा डायनामो जुनाच राहतो आणि हेडलाइट आयडलिंगला मिणमिणतोच.

म्हणून इथं सगळा डायनामो काढून त्या जागी चुंबकाचा रोटर आणि स्टेटर बसवणारी किट जास्त वापरली जातात. चेक प्रजासत्ताकातल्या वेप कंपनीची यंत्रणा जगभरचे जावावाले वापरतात. गाडी १२ व्होल्टची होते, इग्निशन इलेक्ट्रॉनिक होतं आणि ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून राहावं लागत नाही. सगळे बल्ब, हॉर्न आणि बॅटरी मात्र १२ व्होल्टची घ्यावी लागते, जुना रेग्युलेटर काढावा लागतो. खर्चाचा हिशेब करताना हे धरा.

क्रँकचा टेपर (निमुळतं टोक) स्वच्छ आणि बिनओरखड्याचा हवा, नाहीतर रोटर सटकतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर रोटर स्टेटरला घासेल, तेव्हा ते काम आधी. आणि टायमिंग डोळ्याच्या अंदाजानं लावू नका. प्लगच्या जागी डायल गेज लावून पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या) किती मिमी आधी आहे ते मोजा. टू-स्ट्रोकमध्ये टायमिंग पुढं गेलं की पिस्टनला भोक पडतं.

१२. चेतकला बॅटरी नसली तरी ती चालते. मग तिला कुठलं किट?

चेतकमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज फ्लायव्हीलच्या चुंबकातून येते, पॉइंट फ्लायव्हीलच्या आत असतात आणि त्याच्या खिडकीतून लावले जातात. म्हणून बॅटरीवर चालणारं मॉड्यूल इथं उपयोगाचं नाही. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मॉडेलची स्टेटर प्लेट, फ्लायव्हील आणि सीडीआय युनिट असा संच बसवतात. तिन्ही एकाच मॉडेलचे हवेत. फ्लायव्हील घेण्याआधी क्रँकचा टेपर आणि चावी (फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) जुळते का ते दुकानातच बघा.

फ्लायव्हील पुलरनंच काढा. हातोडीनं ठोकून काढणारा मेकॅनिक दिसला तर गाडी उचलून दुसरीकडं न्या. क्रँक वाकतो, चुंबक कमजोर होतं. बसवताना चावी खाचेत नीट बसली नाही तर ती कातरते आणि टायमिंग कुठल्या कुठं जातं.

१३. राजदूत ३५० ला दोन पॉइंट आहेत. एकच किट पुरेल?

दोन सिलिंडर, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल. किट दोन्ही बाजू सांभाळणारं, या इंजिनासाठीच बनवलेलं हवं. या गाडीला इलेक्ट्रॉनिकचा फायदा इतर कुणाहीपेक्षा जास्त, कारण दोन पॉइंटचं टायमिंग एकमेकांशी जुळतं ठेवणं हीच तिची डोकेदुखी. डायल गेजचं प्रश्न ११ मध्ये सांगितलेलं इथं दोन्ही सिलिंडरना लागू.

१४. कंडेन्सर, प्लग, प्लग कॅप यांचं काय करायचं?

हॉल किट किंवा सीडीआय बसवल्यावर कंडेन्सर लागत नाही, काढा. ट्रान्झिस्टर असिस्टमध्ये पॉइंटवर परत जायची वेळ आली तर तो लागेल, म्हणून जपून ठेवा.

साध्या तांब्याच्या एचटी वायरी आणि रेझिस्टर नसलेले प्लग यांच्यामुळं विद्युत गोंधळ फार होतो. पॉइंटला त्याचं काही नाही, मॉड्यूल मात्र भलत्याच वेळी ठिणगी टाकू शकतं. ५ किलोओहम रेझिस्टरची कॅप, किंवा रेझिस्टरचा प्लग, किंवा सप्रेशन वायर, यांपैकी एक वापरा. तिन्ही एकत्र नको.

प्लगचा गॅप पॉइंटवर ०.५ ते ०.६ मिमी ठेवत असाल तर किटवर ०.६ ते ०.७ चालतो. त्यापुढं जुनी कॅप आणि जुनी कॉइल यांना ताण देऊ नका.

१५. टायमिंग परत लावावं लागतं का? आमचे मेकॅनिक कागद सरकवून लावतात.

लावावंच लागतं. किट पॉइंटच्या जागेवर बसलं तरी ते नेमक्या त्याच कोनात ठिणगी देत नाही.

सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून, तो जिथं सुटेल तिथं पॉइंट उघडले असं मानायचं, ही पद्धत पॉइंटसाठी अगदी बरोबर आहे. हात बसलेला मेकॅनिक तिच्यावर काटेकोर टायमिंग लावतो. पण इलेक्ट्रॉनिकमध्ये कागद धरायला काही उरतच नाही. टायमिंग लाइट हवी. पहिल्या सिलिंडरच्या वायरला तिचा चिमटा लावा, व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून बंद करा, आयडलिंगला पुलीवरची खूण बघा आणि डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून जागेवर आणा. मग अ‍ॅक्सिलरेटर वाढवा: खूण सरकत पुढं गेली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे. सरकली नाही तर प्रश्न ७ मधली वजनं अडकली आहेत.

ज्या टू-स्ट्रोकमध्ये अ‍ॅडव्हान्स यंत्रणाच नाही, तिथं खूण एका जागी स्थिर दिसणं योग्य आहे.

१६. किट बसवलं, गाडी छान सुरू होते, पण तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासानं परत चालू होते.

बंद पडल्याबरोबर, थंड व्हायच्या आत, ठिणगी तपासा. प्लग काढून कॅपमध्येच ठेवा, त्याची बॉडी इंजिनाला टेकवा आणि किक मारा. वायर मोकळी सोडून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइल किंवा मॉड्यूल फोडते. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग त्या भोकापासून दूर टेकवा.

ठिणगी नसेल तर पिकअप, मॉड्यूल किंवा कॉइल तापून आतून जोडणी सोडतेय. कॉइल एक्झॉस्टजवळ असेल तर जागा बदलून बघा. ठिणगी असेल तर दोष पेट्रोलचा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की हुबेहूब हीच लक्षणं दिसतात आणि बिचाऱ्या किटवर आळ येतो. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडा; आत हवा शिरल्याचा आवाज आला तर कारण सापडलं.

१७. कोकणात राहतो. पावसाळ्याचा त्रास संपेल का?

पॉइंटवर ओल धरून ते काळे पडण्याचा त्रास संपेल. कॅपमध्ये वाफ साचून करंट भलतीकडं जाण्याचा संपणार नाही, कारण कॅप, रोटर, वायरी त्याच आहेत. जूनच्या आधी कॅपची रबरं, वायरींचे बूट आणि प्लग कॅप बदला. मॉड्यूलची जोडणी उघडी राहू देऊ नका. नुसती चिकटपट्टी दमट हवेत सुटते, उष्णतेनं आवळणारी नळी वापरा.

१८. ६ व्होल्टच्या किंवा पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला किट मिळतं का?

मिळतं, पण तसं स्पष्ट लिहिलेलंच घ्यावं लागतं. १२ व्होल्टचं किट ६ व्होल्टवर उठत नाही. ६ व्होल्टच्या किटलाही एक अडचण आहे: किक मारताना किंवा सेल्फ फिरताना व्होल्टेज आणखी पडतं, आणि बॅटरी थोडी जरी कमजोर असली तरी मॉड्यूल झोपतं. पॉइंट मात्र कितीही कमी व्होल्टेजवर उघडतात आणि मिटतात.

१९५०च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा, रंगावर जाऊ नका. निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल अशा गाडीत किल्ली फिरवताक्षणी जळतं.

१९. आरटीओ, पीयूसी किंवा व्हिंटेज नोंदणीत अडचण येईल का?

आरसीवर इग्निशनच्या प्रकाराची नोंद नसते. पीयूसीला उलट मदतच होते: मिसिंग थांबलं की न जळलेलं पेट्रोल धुरातून जाणं कमी होतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त येत असेल तर तो कार्ब्युरेटरचा विषय आहे.

व्हिंटेज नोंदणीचा नियम २०२१ मध्ये आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. डिस्ट्रिब्यूटरच्या आत बसणारं मॉड्यूल सहज काढता येतं. डायनामो काढून १२ व्होल्ट करणारा बदल त्याहून मोठा आहे. तुमची जावा या नोंदणीसाठी ठेवली असेल तर अर्ज करण्याआधी तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या आणि मूळ भाग जपून ठेवा.

२०. घाटात किट गेलं तर काय? पॉइंट असते तर घासून निघालो असतो.

हा आक्षेप खरा आहे. मॉड्यूल जातं तेव्हा पूर्वसूचना न देता जातं आणि रस्त्यावर त्याची दुरुस्ती होत नाही.

उपाय प्रश्न ६ मध्ये जपून ठेवायला सांगितलेल्या प्लेटमध्ये आहे. घरी असतानाच त्या प्लेटवर चालू स्थितीतले पॉइंट आणि कंडेन्सर बसवा, गॅप लावा, गाडीत बसवून एकदा चालवा, आणि प्लेटच्या कडेवर व बॉडीवर बारीक खूण कोरा. मग ती प्लेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टूलबॉक्समध्ये टाका. सोबत फिलर गेज, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि प्लग पाना. रस्त्यात गरज पडली तर मॉड्यूल काढायचं, प्लेट खुणेला खूण जुळवून बसवायची, पॉइंटची वायर कॉइलच्या मायनसला जोडायची. मोटार असेल तर मॉड्यूलची लाल वायर सुटी करून टोकाला टेप लावायचा, म्हणजे ती बॉडीला लागून फ्यूज जाणार नाही. घरी आलात की टायमिंग एकदा तपासून घ्या.

चेतक किंवा डायनामो बदललेली जावा असेल तर हा उपाय चालत नाही. तिथं लांब निघताना दुसरं सीडीआय युनिट सोबत ठेवा.